घरपट्टीत घरमालकाचा हात कुठवर पोचतो?

एप्रिल-मे महिन्यांत मिळकतकराची बिलं आली की सोसायटीच्या ग्रुपवर एकच चर्चा रंगते: आपला दर इतका, शेजारच्या बिल्डिंगचा तितका कसा? गंमत अशी की दर हीच एक गोष्ट घरमालकाच्या हातात नसते. तो महापालिका ठरवते, त्यावर राज्य सरकारचा कायदा असतो आणि निवडणुकीचं वारं कुठून वाहतंय यावरही बरंच अवलंबून असतं. घरमालकाच्या हातात असतो तो करआकारणीच्या नोंदवहीत आपल्या नावापुढे लिहिलेला मजकूर. क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या वर्षाचं, वापर निवासी की व्यापारी, घरात मालक राहतो की भाडेकरू. महाराष्ट्रात गेल्या पंधरा वर्षांत ज्यांची घरपट्टी खरोखर उतरली, त्यांची एक तर सरकारच्या निर्णयामुळे उतरली किंवा या मजकुरातली चूक दुरुस्त झाल्यामुळे. पहिल्या प्रकाराच्या बातम्या होतात. दुसऱ्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, पण तिथे आपलं काही चालतं.

आधी बिल नीट वाचायला हवं. आपण ज्याला घरपट्टी, मिळकतकर किंवा मालमत्ता कर म्हणतो तो एक कर नसतो, ती मोळी असते. सामान्य कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, वृक्षकर, मलनिःसारण कर, पाण्याशी संबंधित कर, महापालिकेचा शिक्षण कर आणि राज्य सरकारचा शिक्षण उपकर. हा शेवटचा महापालिका फक्त गोळा करते. आता होतं काय, की बहुतेक सवलती जाहीर होतात त्या ‘सामान्य करात’. दहा टक्के सूट म्हटलं की माणूस एकूण बिलाचे दहा टक्के डोक्यात धरतो आणि प्रत्यक्षात हातात पडते ती त्याहून बरीच लहान रक्कम.

मुंबईकरांनी हा फरक चांगलाच अनुभवला. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं वचन दिलं. २०१९ मध्ये निर्णय झाला तेव्हा माफ झाला फक्त सामान्य कर. बाकीचे कर होते तिथेच राहिले, आणि ‘माफी’ मिळालेल्या घरांनाही बिल भरायचंच होतं. संपूर्ण माफीची घोषणा झाली ती १ जानेवारी २०२२ ला, पुढची निवडणूक तोंडावर आली तेव्हा. ४६.४५ चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आतलं घर असलेल्या लाखो कुटुंबांचं मालमत्ता कराचं बिल त्यानंतर शून्यावर आलं. ठाण्यात मात्र पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना सामान्य कराचीच माफी मिळाली. मुलुंडचा नाका ओलांडला की तेवढ्याच खोल्यांचा हिशेब बदलतो.

पुण्याची कथा जुनी आणि जास्त गुंतागुंतीची आहे. इथे कर ठरतो करयोग्य मूल्यावर, म्हणजे घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल या अंदाजावर. हे भाडं बाजारातलं नसतं. महापालिकेने त्या त्या भागासाठी दर चौरस फुटाला ठरवून दिलेला दर असतो. १९७० साली पुणे महापालिकेने ठराव केला की मालक स्वतः राहत असेल तर या वाजवी भाड्यात ४० टक्के सूट द्यायची. शिवाय देखभाल-दुरुस्तीपोटी कायद्यात दहा टक्के वजावट आहे, ती पुण्याने पंधरा टक्के केली. जवळजवळ पन्नास वर्षं हे असंच चाललं. इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपल्याला काही सवलत मिळते आहे हेच अनेक पुणेकरांना ठाऊक नव्हतं.

आकडेमोड करून पाहू. समजा सहाशे चौरस फूट चटईक्षेत्राचा फ्लॅट आहे आणि दर धरला महिन्याला चौरस फुटामागे दोन रुपये. वर्षाचं वाजवी भाडं होतं १४,४०० रुपये. त्यातून दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य उरतं १२,९६० रुपये. ४० टक्के सूट असेल तर १४,४०० चे आधी ८,६४० होतात आणि मग दहा टक्के वजा जाऊन ७,७७६ उरतात. करांच्या टक्केवाऱ्या या शेवटच्या आकड्यावर लागतात. म्हणूनच ही सवलत सामान्य करातल्या सवलतीपेक्षा कितीतरी दांडगी आहे. ती कराच्या एका ओळीला न धरता सगळा पायाच खाली आणते.

पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की अशी सूट देण्याचा महापालिकेला अधिकारच नाही. राज्य सरकारने सवलत काढून घेतली आणि १ एप्रिल २०१९ पासून आकारणी झालेल्या नव्या मिळकतींना ती मिळेनाशी झाली. त्याच सुमारास मिळकतींचं जीआयएस, म्हणजे डिजिटल नकाशावर आधारित सर्वेक्षण चालू होतं. घराला कुलूप दिसलं, भाडेकरूने दार उघडलं किंवा विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर मिळालं, अशा कितीतरी जुन्या घरांचीही सवलत त्यात गेली आणि मागच्या फरकाची बिलं लोकांच्या हातात पडली. एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सवलत आणि चौथ्या मजल्यावर नाही, असा प्रकार. ओरड झाली, मोर्चे निघाले. कसबा पेठेच्या पोटनिवडणुकीचा निकाल २ मार्च २०२३ ला लागला आणि त्याच महिन्यात सवलत परत देण्याची घोषणा झाली. दोहोंचा संबंध ज्याने त्याने लावावा. चाळीस टक्के परत आले, पंधरा टक्क्यांच्या वजावटीचे मात्र १ एप्रिल २०२३ पासून दहाच झाले.

सवलत परत आली ती पीटी-३ नावाचा अर्ज घेऊन. २०१९ नंतर आकारणी झालेल्यांनी आणि सर्वेक्षणात सवलत गमावलेल्यांनी हा अर्ज पंचवीस रुपये शुल्कासह भरायचा होता. आपण इथेच राहतो याचा पुरावा जोडायचा: सोसायटीचं पत्र, आणि सोबत मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, गॅसचं कार्ड, रेशनकार्ड यांतलं काही. मग त्या भागाचा पेठ निरीक्षक, म्हणजे करआकारणी खात्याचा निरीक्षक, घरी येऊन खात्री करणार आणि जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती होणार. कागदावर हे सोपं दिसतं. पण ऐंशीच्या घरात असलेल्या, सोसायटीच्या सेक्रेटरीशी वितुष्ट असलेल्या एकट्या बाईंनी पत्र कुणाकडून आणायचं? मुलगा न्यू जर्सीला, फ्लॅट त्याच्या नावावर आणि आई-वडील त्यात राहतात, तर ‘मालक स्वतः राहतो’ म्हणायचं का? बंद पडून असलेल्या, पण भाड्यानेही न दिलेल्या घराचं काय? माझं मत असं की जी सवलत सरसकट द्यायची आहे, ती अर्जाच्या मागे ठेवली की अर्धी नाकारल्यासारखीच होते. माहितगार माणूस फायदा घेतो आणि गरजवंत रांगेबाहेर राहतो. तरी ज्यांना अर्ज करणं शक्य आहे त्यांनी तो केलाच पाहिजे. आपल्या बिलावर चाळीस टक्के लागलेत की नाहीत, हे पुण्यातल्या प्रत्येक फ्लॅटमालकाने एकदा तरी तपासावं.

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून पद्धतच बदलली. आधी तिथेही भाडं हाच आधार होता. पण भाडे नियंत्रण कायद्यामुळे गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींची भाडी गोठलेली, आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सांगितलेलं की कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्यापलीकडे जाऊन आकारणी करता येत नाही. त्यामुळे दक्षिण मुंबईतला ऐसपैस जुना ब्लॉक नाममात्र कर भरायचा आणि बोरिवलीतला नवा लहान फ्लॅट त्याच्या कितीतरी पट. भांडवली मूल्याची पद्धत आली ती हे दुरुस्त करायला. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी बाजारमूल्य तक्त्यातला दर आणि चटईक्षेत्र यांना वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि मजला यांच्या भारांकांनी गुणायचं की मूल्य निघतं. दर पाच वर्षांनी ते सुधारायचं. या पद्धतीत घरमालकाला वाव कुठे आहे, तर या भारांकांत. इमारतीचं वय चुकीचं लागलं असेल, तळमजल्यावरचा दवाखाना बंद होऊन पुन्हा घर झालं असूनही वापर ‘व्यापारी’च राहिला असेल, तर फरक वर्षानुवर्षं चालू राहतो.

याच नियमांवरून मालमत्ताधारक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांतले काही नियम रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. जमिनीवर पुढे किती बांधता येईल ही शक्यता धरून आजचा कर लावता येणार नाही, असा त्याचा गाभा. खोलीधारकाला याचा थेट लाभ थोडाच, मोकळी आणि अर्धवट बांधलेली जमीन असलेल्यांना मोठा. मुंबईत आणखी एक भानगड असते: बिल पुष्कळदा अख्ख्या इमारतीच्या नावे येतं आणि सोसायटी ते सभासदांत वाटते. महापालिकेने प्रत्येक सदनिकेला लावलेल्या करानुसारच वाटणी व्हायला हवी. पाचशे फुटांच्या आतल्या घरांची माफी त्या घरांनाच मिळायला हवी, तिची सगळ्यांत सरासरी करून चालणार नाही. सोसायटीच्या मासिक बिलातला मालमत्ता कराचा आकडा आणि महापालिकेच्या बिलाची फोड शेजारी शेजारी ठेवून पाहणारे सभासद मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता दुरुस्तीची वाट. पहिलं काम म्हणजे आकारणीचा उतारा काढायचा आणि करारनाम्यातल्या चटईक्षेत्राशी ताडून पाहायचा. बिल्डरने विकताना सांगितलेलं बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप क्षेत्र नोंदीत शिरलं असेल तर कर विनाकारण फुगतो. पार्किंग वेगळ्या, कमी दराने धरलं आहे की घरातच मिसळलं आहे, हेही बघायचं. भाडेकरू सोडून गेला असेल तर वापराची नोंद बदलून घ्यायची. मिळकत खरेदी झाली पण बिल अजून आधीच्या मालकाच्याच नावे येत असेल, तर नाव बदलल्याशिवाय कुठल्याच सवलतीच्या अर्जाला अर्थ नाही. पण अर्ज लिहिण्याआधी स्वतःच्या घरात टेप फिरवावी. बाल्कनी बंद करून घेतली असेल, गच्चीवर पत्रे टाकून खोली काढली असेल, तर मोजणीला बोलावलेला निरीक्षक क्षेत्र कमी करण्याऐवजी वाढवून जाईल. बेकायदा बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्तीची तरतूद कायद्यात आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या हजारो गुंठेवारीच्या घरांनी ती वर्षानुवर्षं डोक्यावर वागवली. आधी सहाशे, मग हजार चौरस फुटांपर्यंत दिलासा मिळाला आणि मार्च २०२३ मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर तोवरची शास्ती माफ झाली.

हरकतीला मुदत असते आणि बहुतेकांचा घात तिथेच होतो. नवी आकारणी किंवा करवाढ होताना विशेष नोटीस येते. मुंबईत तक्रारीला साधारण एकवीस दिवस मिळतात, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखालच्या शहरांत किमान पंधरा. लेखी तक्रार, तिची पोच, मग सुनावणी. सुनावणीला दर कसा अन्यायाचा आहे यावर भाषण करून काही निष्पन्न होत नाही, कारण समोरच्या अधिकाऱ्याला दर बदलण्याचा अधिकारच नसतो. त्याच्या हातात असतं ते क्षेत्र, वापर आणि वर्ष. भोगवटापत्र, नोंदलेला करारनामा, मंजूर नकाशा, भाडेकरार संपल्याचा कागद पुढे ठेवला तर काम होतं. सुनावणीचा निर्णय पटला नाही तर मुंबईत लघुवाद न्यायालयात अपील करता येतं, इतर महापालिकांत त्या शहरासाठी कायद्याने ठरवलेल्या न्यायाधीशांकडे. त्यालाही अटी आहेत. आयुक्तांकडे आधी तक्रार केलेली असली पाहिजे, अपील मुदतीत हवं आणि मागणीची रक्कम भरलेली हवी. म्हणजे भांडायचं असेल तर आधी पैसे भरा, मग भांडा. तक्रार प्रलंबित आहे म्हणून बिल थकवलं तर दरमहा दोन टक्क्यांनी शास्ती चढते. वर्षाला चोवीस टक्के. वैयक्तिक कर्जसुद्धा याहून स्वस्त पडेल.

जाहीर सवलतींचा पसारा मोठा आहे, पण त्याबद्दल सांगण्यासारखं थोडं. मुदतीत भरलं तर पुण्यात सामान्य करात पाच ते दहा टक्के सूट मिळते. सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत यांतला एक प्रकल्प असेल तर पाच, दोन असतील तर दहा टक्के. अट इतकीच की प्रकल्प चालू हवा. गच्चीवरचं सौर यंत्र सहा वर्षांपूर्वी बंद पडलं आणि सवलत चालूच, असा प्रकार तपासणीत सापडला की ती काढून घेतात. पिंपरी-चिंचवडमध्ये फक्त महिलेच्या नावे असलेल्या, ती स्वतः राहत असलेल्या एका घराला सामान्य करात तीस टक्के सवलत आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी २०२० पासून राज्याची बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना आहे, तीही एका घरापुरती. घर भाड्याने दिलं असेल तर भरलेला मिळकतकर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. यामुळे घरपट्टी कमी होत नाही, पण प्राप्तिकर होतो. ही वजावट मिळते ती त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची, थकलेल्या बिलाची नाही.

गावात चित्र वेगळं. ग्रामपंचायतीची घरपट्टी पूर्वी क्षेत्रफळावर सरळ लागायची. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि तिथेही भांडवली मूल्य आलं. जमीन आणि बांधकामाचा दर, घसारा आणि वापराचा भारांक. झोपडी किंवा मातीचं घर, दगड-विटांचं मातीत बांधलेलं, सिमेंटात बांधलेलं आणि आरसीसी असे बांधकामाचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा दर निराळा. म्हणून गावात बघायचा कागद एकच, नमुना ८ चा, म्हणजे आकारणीच्या नोंदवहीचा उतारा. पुढे स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागे आजोबांच्या वेळचं मातीच्या भिंतींचं घर असेल, तर पुष्कळदा सगळंच आरसीसी म्हणून नोंदलेलं असतं, आणि बांधकामाचं वर्ष रिकामं किंवा अंदाजपंचे टाकलेलं. वर्ष चुकलं की घसाराही चुकतो. आकारणी दर चार वर्षांनी होते. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, हरकती मागवल्या जातात, आणि ती वाचायला कुणी जात नाही. ग्रामसेवकाशी वाद घालायची खरी वेळ तीच. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरलं तर पाच टक्के सूट मिळते.

इथवर एका घराचा विचार झाला. पण कर कमी करून घेणं हा खेळ एकट्याचा नसतो. महापालिकेला खर्चाला ठरावीक पैसा लागतो. एकाचा कमी झाला की तो दुसऱ्या कुणावर तरी जातो, आणि तो दुसरा बहुधा नवा घरमालक असतो. पुण्यात वाजवी भाड्याचा दर ज्या वर्षी पहिली आकारणी झाली त्या वर्षीचा लागतो. परिणामी डेक्कनवरचा जुना बंगला उपनगरातल्या नव्या वन-बीएचकेपेक्षा दर फुटाला कमी भरू शकतो. नाशिकमध्ये २०१८ साली तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी दर वाढवले ते १ एप्रिल २०१८ नंतरच्या मिळकतींसाठी आणि मोकळ्या जमिनींसाठी. शहर पेटलं, आयुक्तांवर अविश्वास ठरावाची तयारी झाली, दर काही प्रमाणात उतरवावे लागले आणि वर्ष संपायच्या आत त्यांची बदली झाली. हे वाढीव दर जुन्या घरांना तेव्हाही लागले नाहीत. जुनी घरं म्हणजे जुने मतदार. पुण्यात २०१७ ला अकरा आणि २०२१ ला तेवीस गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवरून शहराच्या करावर त्यांना टप्प्याटप्प्याने न्यायचं होतं. पाणी टँकरचं, रस्ते कच्चे आणि बिल मात्र महापालिकेचं, असा तिथल्या लोकांचा सवाल आहे आणि तो मला पूर्ण रास्त वाटतो. या गावांचा वाद शेवटी राज्य सरकारच्या दारात गेला.

अभय योजनांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. थकबाकीदारांची शास्ती पंचाहत्तर-ऐंशी टक्के माफ करायची, तिजोरीत एकरकमी पैसा आणायचा आणि पुढच्या योजनेची वाट पाहणारे नवे थकबाकीदार तयार करायचे. पुणे महापालिकेने थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून पाहिला, मिळकती सील केल्या, आणि मध्येच अभय योजनाही आणल्या. ज्याच्या बिलात खरोखर चूक आहे आणि म्हणून ज्याने ते थकवलं, त्याला अभय योजनेत चुकीच्या आकारणीवरची शास्ती माफ होते. चूक तशीच राहते आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा बिलावर येते. अशा माणसाने योजनेच्या मुदतीतच मूळ रक्कम हरकत राखून भरावी आणि दुरुस्तीचा अर्ज वेगळा द्यावा. दोन्ही कागदांवर मिळकत क्रमांक घालावा आणि दोन्हीच्या पोच जपून ठेवाव्यात. निरीक्षकाची बदली झाली की नवा माणूस फाइल पहिल्या पानापासून उघडतो.